विश्लेषण : आराखडा आधी की पाहणी आधी? मुंबईत शिकवून गेलेल्या पॅट्रिक गेडिस यांचे उत्तर आजही का लागू पडते?

शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की आता तो मोबाइलवर उघडता येतो. आपला वॉर्ड शोधायचा, दोन बोटांनी गल्ली मोठी करायची, घरावरून रस्त्याची रेघ तर गेली नाही ना हे पाहायचे. गेली असेल तर मुदतीत हरकत नोंदवायची. नकाशा उपग्रहाच्या किंवा ड्रोनच्या छायाचित्रांवर बेतलेला असतो आणि जीआयएस प्रणालीत बसवलेला असतो. तरीही घोळ व्हायचा तो होतोच. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला आणि त्यातील चुकांवरून असा गदारोळ उठला की एप्रिलमध्येच राज्य सरकारला तो मागे घ्यायला लावावा लागला. जुन्या वास्तू, प्रार्थनास्थळे, वापरातल्या इमारती यांच्या नोंदी चुकल्याच्या तक्रारी होत्या. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि आराखडा प्रत्यक्ष लागू व्हायला २०१८ उजाडले.

यंत्रे नवी असली तरी हा वाद जुना आहे. शहर कागदावर आखायचे की आधी गल्लीत उतरून पाहायचे? आणि पाहायचे तर तिथे राहणाऱ्यांना सोबत घेऊन की त्यांच्या नकळत? शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नांवर देशभरच्या इंजिनीअरांशी भांडलेला एक स्कॉटिश गृहस्थ मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होता. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस कोण होते?

जन्म २ ऑक्टोबर १८५४, स्कॉटलंडमधील बॅलटर गावचा. वडील सैन्यात होते. बालपण पर्थ शहराबाहेरच्या टेकडीवरील घरात, बागकाम करत गेले. पुढे लंडनला थॉमस हेन्री हक्सले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले, पण पदवी कधी घेतली नाही. नगररचनेचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते ना वास्तुरचनाकार होते ना इंजिनीअर. ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते, आणि डंडी येथील महाविद्यालयात १८८८ ते १९१९ अशी तीन दशके वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. ही नोकरी फक्त उन्हाळ्याच्या सत्रापुरती असे. उरलेले वर्ष मोकळे! त्या मोकळ्या महिन्यांतच त्यांचे खरे काम झाले.

शहराकडे ते झाडाकडे पाहावे तसे पाहत. झाड वाढवायचे तर माती, पाणी, ऊन आणि भोवतालचे किडे-पाखरे समजून घ्यावी लागतात. शहराचेही तसेच. जागा, तिथला कामधंदा आणि तिथली माणसे ही तीन सूत्रे एकमेकांत गुंतलेली असतात आणि एक तोडले की बाकीची दोन सुकतात, असे ते मानत.

अंधाऱ्या खोलीत काय घडले?

१८७९ मध्ये, पंचविशीत, गेडिस नमुने गोळा करण्यासाठी मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी गेली. कित्येक आठवडे डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता? एके दिवशी खिडकीच्या तावदानांवरून बोटे फिरवताना त्यांच्या लक्षात आले की चौकटींच्या या जाळीत विचारही मांडता येतील. एका चौकटीत जागा, दुसरीत काम, तिसरीत माणसे, आणि मधल्या चौकटींत त्यांचे परस्परसंबंध. कागदाला घड्या घालून तयार केलेली ही कोष्टके त्यांनी आयुष्यभर वापरली. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्तास बसणे बंद झाले. मग त्यांनी नजर शहराकडे वळवली.

जीआयएसमध्ये आज एकावर एक थर रचले जातात. जमिनीचा एक, पाण्याचा एक, लोकसंख्येचा एक. गेडिस यांच्या घडी घातलेल्या कागदाशी त्याचे नाते अगदी दूरचे म्हणता येणार नाही. फरक इतकाच की त्यांच्या कोष्टकात माणसांची चौकट कधी रिकामी राहत नसे.

दाटीच्या वस्तीत राहायला गेलेले जोडपे...

१८८६ मध्ये गेडिस यांनी ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न केले आणि लवकरच हे जोडपे एडिनबराच्या जुन्या शहरातील जेम्स कोर्ट येथे राहायला गेले. श्रीमंतांनी केव्हाच सोडून दिलेल्या उंच, अंधाऱ्या इमारती, एकेका खोलीत एकेक कुटुंब, खाली कचऱ्याने भरलेले चौक. गिरणगावातल्या दाटीच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना चित्र डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. प्राध्यापकाने आणि सुखवस्तू घरातल्या मुलीने तिथे बिऱ्हाड थाटले. भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या ठेवल्या, शेजाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना हाताशी धरून चौक झाडून काढले.

यातूनच त्यांची पद्धत तयार झाली. इंग्रजीत तिला जपून केलेली शस्त्रक्रिया अशा अर्थाचे नाव आहे. सगळी वस्ती जमीनदोस्त करून रुंद रस्ता काढण्याऐवजी खरोखर मोडकळीला आलेली दोन-चार घरे काढायची, त्यातून उजेड-वारा येईल एवढा चौक मोकळा करायचा, उरलेली घरे दुरुस्त करायची, आणि राहणाऱ्यांना तिथेच राहू द्यायचे. पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या एडिनबराची पाहणी केली तेव्हा मोकळ्या जागेचे ७० हून अधिक दुर्लक्षित तुकडे सापडले. सगळे मिळून सुमारे १० एकर! मोकळी जागाच नाही म्हणून रडणाऱ्या शहरात ती होती, फक्त कुणी पायी फिरून मोजली नव्हती. त्यांतल्या काहींवर लहान बागा झाल्या आणि ते काम गेडिस यांची मुलगी नोरा हिने पाहिले.

मनोऱ्यात काय होते?

१८९२ मध्ये गेडिस यांनी एडिनबराच्या किल्ल्याजवळचा एक मनोरा घेतला. त्याच्या माथ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. अंधाऱ्या खोलीत आरसा आणि भिंगाच्या साह्याने बाहेरचे जिवंत, हलते शहर एका पांढऱ्या गोल टेबलावर उमटवणारे हे यंत्र. रस्त्यावरची माणसे टेबलावर चालताना दिसत. त्या काळचा ड्रोनच म्हणा ना!

पाहुण्याला ते आधी थेट वर नेत. वरून शहर दाखवले की मग एकेक मजला खाली. एका मजल्यावर एडिनबरा, त्याखाली स्कॉटलंड, मग इंग्रजी बोलणारे प्रदेश, युरोप आणि तळाशी जग. नकाशे, तक्ते, जुनी चित्रे यांनी भिंती भरलेल्या. वाटेत एक लहानशी रिकामी खोलीही होती. पाहिलेल्या गोष्टींवर शांतपणे विचार करण्यासाठी. हा मनोरा म्हणजे गेडिस यांच्या दृष्टीने शहराची प्रयोगशाळा होती आणि तिचे दार सामान्य माणसाला उघडे होते. शहराची माहिती फक्त पालिकेच्या कपाटात असू नये, ती शहरातल्या लोकांना बघता यावी, हा आग्रह तेव्हा नवा होता.

भारतात ते कसे आले?

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून १९१४ मध्ये ते भारतात आले. युरोपात गाजलेले त्यांचे शहरांचे प्रदर्शन मागाहून दुसऱ्या बोटीने निघाले होते. नकाशे, चित्रे, आराखडे, वर्षानुवर्षांचा संग्रह. ती बोट एमडेन या जर्मन युद्धनौकेने हिंदी महासागरात बुडवली. मद्रासवर तोफा डागणारी एमडेन ती हीच. साठीला आलेला माणूस दुसरा असता तर परत फिरला असता. इंग्लंडमधल्या मित्रांनी घाईने नवा संग्रह जमवून पाठवला आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन उभे राहिले.

त्यानंतरची काही वर्षे ते सतत फिरत होते. मद्रास आणि मुंबई इलाख्यातील शहरे, बडोदा, लखनौ, लाहोर, ढाका, कपूरथळा, बलरामपूर. दर ठिकाणी एक अहवाल. त्या वेळची परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढणे हा त्याच्या कामाचा मोठा भाग होता. घरे पडली त्यांतल्या बऱ्याच गरिबांना नवी परवडली नाहीत आणि ते शेजारच्या वस्तीत दाटीवाटीने राहू लागले. हाच नमुना इतर शहरांतही गिरवला जात होता.

गेडिस नकाशा हातात घेऊन भर उन्हात तासन्तास गल्लीबोळ तुडवत. कोणते घर पक्के, कोणते पडके, विहीर कुठे, देऊळ कुठे, झाडाखाली बायका दुपारी बसतात ती जागा कोणती, हे टिपत. तंजावरला इंजिनीअरांनी जुन्या वस्तीतून सरळ रस्ता आखला होता. गेडिस यांनी त्याच वस्तीत जेमतेम काही घरे हलवून हवा खेळती करण्याची योजना दिली आणि तिचा खर्च कितीतरी कमी होता. डासांचे कारण सांगून तळी बुजवण्याची टूम निघाली तेव्हा त्यांनी उलट बाजू घेतली. तळी स्वच्छ ठेवा, त्यांत मासे आणि बदके सोडा, ती डासांच्या अळ्या खातील. पावसाळ्यात दरवर्षी तुंबणाऱ्या आपल्या शहरांत बुजवलेली तळी आणि नाले आठवणाऱ्यांना हा सल्ला आज वेगळाच वाटेल.

इंदूरची दिवाळी...

गेडिस यांच्या कामातील सर्वांत रंगतदार प्रकरण मराठी राज्यकर्त्यांच्या इंदुरात घडले. तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या दरबाराने शहराचा आराखडा त्यांच्याकडे सोपवला होता. शहराला प्लेगने ग्रासले होते. पुढची हकीगत मुख्यतः गेडिस यांच्याच सांगण्यातून आलेली आहे, तेव्हा थोडा हात राखून वाचावी. पण ती सोडून देण्यासारखीही नाही.

नकाशा घेऊन ते गल्लीत शिरले की लोक दारे लावून घेत, बायका मुलांना आत ओढत. हा म्हातारा साहेब प्लेग आणतो, किंवा निदान घर पाडायला आला आहे, अशी समजूत होती. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या शिपायांनी घराघरांत घुसून काय केले आणि त्याचा शेवट कसा झाला हे ठाऊक असलेल्या वाचकाला या भीतीचे आश्चर्य वाटणार नाही. गेडिस यांनी भीती हसण्यावारी नेली नाही. ज्यांच्यासाठी आराखडा करतो त्यांना तो कळत नसेल तर काम अर्धे राहिले, असे त्यांनी धरले. मग त्यांनी दरबाराकडे अजब मागणी केली. मला एका दिवसाचा महाराजा करा.

मागणी मान्य झाली. दिवाळी जवळ होती. शहरात दवंडी पिटली गेली की यंदा मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वाधिक झाडलेली, रंगवलेली, दुरुस्त केलेली असतील, त्या रस्त्यांनी जाईल. कचरा उचलण्यासाठी गाड्या फुकट. झाले! मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून गल्ल्यांची चढाओढ लागली. गेडिस यांच्या हिशेबानुसार सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा शहराबाहेर गेला.

मिरवणुकीच्या पहिल्या भागात हत्ती, उंट, वाजंत्री, व्यापारी, शेतकरी. मग घाणीचे आणि रोगाचे राक्षस, पडक्या कोंदट घरांचे देखावे, आणि प्लेगचा एक प्रचंड उंदीर. थोडे अंतर सोडून दुसरा भाग. लक्ष्मीचा रथ, त्यामागे नव्याकोऱ्या कचरागाड्या, रंगवलेल्या शिंगांचे पांढरे बैल आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार. ज्यांची सावलीही टाळली जाई ती माणसे त्या दिवशी मिरवणुकीच्या मानाच्या जागी होती. मग गवंडी, सुतार, नव्या ग्रंथालयाच्या आणि इतर इमारतींच्या प्रतिकृती. एका हत्तीवर इंदूरनगरी देवतेच्या रूपात बसलेली, हातात शहराच्या आराखड्याचे निशाण. शेवटी माळ्यांच्या गाड्यांतून लोकांना तुळशीची रोपे वाटली. रात्री उंदीर आणि घाणीचा राक्षस यांचे दहन.

प्लेग ओसरला. त्यात हंगाम संपल्याचा वाटा मोठा असणार. पण आता गेडिस गल्लीत आले की दारे उघडी राहत. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. भारतातील नगररचनेचा अभ्यास करणारे आजही त्यापासून सुरुवात करतात. केंद्राच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षे पहिले आले, त्याचे धागे थेट त्या दिवाळीशी जोडणे ओढाताणीचे होईल. योगायोग मात्र गमतीचा आहे.

कामाच्या धबडग्यात व्यक्तिगत आयुष्य?

१९१७ हे वर्ष गेडिस यांच्यासाठी भयंकर ठरले. थोरला मुलगा ॲलॅस्डेअर वडिलांचा उजवा हात होता आणि भारतात प्रदर्शन मांडायला तोच सोबत होता. एप्रिलमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर तो मारला गेला. त्या वेळी ॲना भारतातच तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस यांनी बातमी त्यांच्यापासून लपवली. मुलाची जुनी पत्रे ते त्यांना वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये ॲना गेल्या, मुलाचा मृत्यू कळल्याविनाच. इंदूरचे काम यानंतरचे आहे.

मुंबईत त्यांनी काय केले?

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग काढला आणि पहिले प्राध्यापक म्हणून गेडिस यांना नेमले. वक्ता म्हणून ते अवघड होते. दाढीतल्या दाढीत पुटपुटत, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारत. लिखाणही बरेच अर्धवट टाकलेले. पण माणूस पारखण्यात ते चुकले नाहीत. मालवणात जन्मलेल्या, संस्कृत शिकलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाला त्यांनी परदेशी शिक्षणासाठी निवडले. १९२४ मध्ये गेडिस प्रकृतीमुळे युरोपला परतले आणि विभाग घुर्ये यांच्याकडे आला. पुढे त्याच विभागात इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास शिकले. म्हणजे महाराष्ट्रात समाज प्रत्यक्ष फिरून पाहण्याची जी परंपरा रुजली तिच्या मुळाशी हा वनस्पतिशास्त्रज्ञ आहे.

नंतरची वर्षे त्यांनी फ्रान्समधील माँपेलिए येथे महाविद्यालय उभारण्यात घालवली. १९२५ मध्ये तेल अवीवचा आराखडा केला. आधी नाकारलेली सर ही पदवी १९३२ मध्ये घेतली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मर्यादा कोणत्या?

गेडिस यांना आजच्या अर्थाने लोकसहभागाचे पुरस्कर्ते म्हणणे जरा जास्तच होईल. आराखडा लोकांना दाखवावा, समजवावा, त्यांच्यात उत्साह आणावा, इथवर ते आले. तो नाकारण्याचा अधिकार लोकांना असावा, असे त्यांच्या अहवालांत दिसत नाही. परवानगी शेवटी गव्हर्नरची किंवा महाराजांची. सफाई कामगारांना एक दिवस हार घातले म्हणून दुसऱ्या दिवशी झाडू कुणा दुसऱ्याच्या हाती गेला नाही. स्त्री-पुरुषांच्या स्वभावांतील भेद निसर्गदत्त आहेत, असे त्यांचे १८८९ मधील पुस्तक सांगते, ते आज पटणारे नाही. आणि बरेचसे अहवाल सरकारी कपाटांत पडून राहिले. पाडकामात अनेकांचा फायदा असतो, दुरुस्तीत तितका नसतो.

आजच्या यंत्रांनी काय बदलले?

महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात आराखड्याआधी क्षेत्राची पाहणी करून विद्यमान भूवापराचा नकाशा तयार करणे बंधनकारक आहे. मग मसुदा, हरकती-सूचना आणि सुनावणी. आधी पाहणी, मग आराखडा हे गेडिस यांचे सूत्र कायद्यात आले आहे. अडचण पाहणी कोण करते इथे आहे. ड्रोनला छप्पर दिसते. छपराखाली दोन कुटुंबे आहेत, पुढच्या खोलीत शिवणयंत्र चालते, पोटमाळ्यावर भाडेकरू आहे, हे दिसत नाही. धारावीत ड्रोन आणि लायडार वापरून सर्वेक्षण सुरू झाले तेव्हा पात्र कोण आणि अपात्र कोण हा वाद मिटला नाही, कारण तो छायाचित्राने मिटणारा नव्हताच.

याच यंत्रांचा वेगळा वापरही आपल्याकडे झाला आहे. पुण्याची शेल्टर असोसिएट्स ही संस्था वस्त्यांमध्ये घरोघरी फिरून माहिती गोळा करते आणि ती जीआयएस नकाशावर मांडते. कोणत्या घरात शौचालय नाही आणि मलवाहिनी तिथून किती दूर आहे हे एकाच नकाशावर दिसते. पुणे, सांगली, कोल्हापूर अशा शहरांत त्या आधारे घरोघरी शौचालये बांधली गेली. त्याहून आधी, १९८५ मध्ये, मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांची मोजणी स्पार्क या संस्थेने केली होती. तेव्हा संगणक नव्हता, वही आणि पेन्सिल होती. पण कुठल्याच यादीत नसलेली माणसे त्यामुळे पहिल्यांदा कागदावर आली.

मुंबईच्या आराखड्याच्या वेळी पालिकेने भूवापराचे नकाशे मसुद्याच्या बरेच आधी संकेतस्थळावर टाकले होते. नागरी संस्था ते घेऊन वॉर्डावॉर्डांत फिरल्या आणि चुकांच्या याद्या करून पालिकेला दिल्या. सामान्य रहिवाशाला मात्र जाग येते ती मसुदा आल्यावर, हरकतींची मुदत सुरू झाली की. आपल्या शहराचा नवा आराखडा होऊ घातला असेल तर आधी भूवापराचा नकाशा कुठवर आला याची नगररचना विभागात चौकशी करावी. संकेतस्थळावर नसेल तर तो माहितीच्या अधिकारात मागता येतो. तो हाती घेऊन आपल्या गल्लीत एक फेरी मारायला अर्धा तास पुरतो. विहीर, मैदान, दवाखाना, बाजार नकाशात आहेत त्याच जागी प्रत्यक्षात आहेत का, एवढेच पाहायचे. चूक सापडली तर फोटो आणि ठिकाणासह लेखी कळवावी आणि पोच घ्यावी.